मागचं दार

नव्वदच्या दशकात भिलाईच्या सिविक सेंटरमधल्या एका गाळ्यात व्हिडिओ गेमचं दुकान होतं. ते बंद होऊन बरीच वर्षं झाली. गेल्या वर्षी मालकाच्या मुलाने गोदाम रिकामं केलं, तेव्हा तिथला एक खोका मी भंगाराच्या भावाने घरी आणला. खोका म्हणजे माणसाच्या उंचीचं लाकडी कपाट. वर पिक्चर ट्यूब, मधे जॉयस्टिक आणि बटणं, त्याखाली रुपया टाकायची खाच. आम्ही त्याला ‘मुस्तफा’ म्हणायचो. खेळाचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स’. जपानच्या कॅपकॉम कंपनीने तो १९९३ साली काढला. त्यातल्या चार पात्रांपैकी मुस्तफा आपल्याकडच्या पोरांना इतका आवडला, की त्यांनी सगळ्या खेळालाच त्याचं नाव देऊन टाकलं.

खोका दुरुस्त करून पूर्वीसारखा करायचा, एवढंच मी ठरवलं होतं. ‘पूर्वीसारखा’ हा शब्द किती अवघड आहे, ते काम सुरू झाल्यावर कळलं.

जपानहून आलेलं त्यात काहीच नव्हतं. प्लायचं कपाट कुणा देशी सुताराने ठोकलेलं, ट्यूब घरगुती टीव्हीची, आणि आतला बोर्ड चक्क नकली. गंमत अशी, की नकली म्हणूनच तो अजून चालतो. या खेळाच्या अस्सल बोर्डावर एक छोटी बॅटरी असते आणि तिच्या जोरावर एका चिपमध्ये सांकेतिक किल्ली टिकून राहते. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाते आणि बोर्ड निकामी होतो. नक्कल करणाऱ्यांनी ते कुलूपच काढून टाकलं होतं. म्हणजे ज्याला आपण अस्सल म्हणतो ते मरायची सोय करूनच जन्माला आलं, आणि चोरीचा माल टिकला. अशा वस्तूचं ‘मूळ रूप’ शोधायचं तरी कुठे?

माझे बाबा स्टील प्लँटमध्ये होते. ब्लास्ट फर्नेसच्या आतलं विटांचं अस्तर काही वर्षांनी झिजतं. मग भट्टी थंड करून ते उतरवतात आणि नवं लावतात. प्लँटच्या भाषेत ‘कॅपिटल रिपेअर’. १९५९ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झालेली भट्टी अशा दुरुस्त्यांनंतरही एक नंबरचीच राहिली. ती तीच आहे का, असं विचारलं असतं तर बाबा हसले असते. लोखंड देते ना, मग तीच.

पण खोक्याला हे उत्तर पुरत नाही. नुसता खेळच हवा असेल तर मुस्तफा आता मोबाईलवरही खेळता येतो. मला खेळ नको होता. मला त्या वस्तूवर उरलेले आम्ही हवे होतो. म्हणून मिस्त्रींनी पॉलिश पेपर हातात घेऊन विचारलं, “भैया, ये सब घिस दूँ?” तेव्हा मी घाईने नाही म्हणालो. जॉयस्टिकभोवती कर्कटकाच्या टोकाने कोरलेली नावं होती, कडेला सिगारेटचे डाग होते. बटणांखालचे मायक्रोस्विच नवे घातले, बाजूंना नवा सनमायका लावला, पण ती पट्टी तशीच ठेवली. सिविक सेंटरलाच नेहरू आर्ट गॅलरी आहे. तिथे चित्रं जपतात, मग मी ही अक्षरं का जपू नयेत, असा माझा युक्तिवाद होता.

मग मागचं दार उघडलं. पिक्चर ट्यूब बंद केल्यावरही वीज धरून ठेवते, म्हणून आधी स्क्रूड्रायव्हरने ती अर्थ केली. वायरिंग तपासून झालं आणि दाराच्या आतल्या बाजूकडे लक्ष गेलं. ओलीने फुगलेल्या प्लायवर पेन्सिलीने ओढलेल्या रेघा होत्या. चार उभ्या, एक आडवी. चार उभ्या, एक आडवी. काही रेघांभोवती गोल.

तेव्हा तो मुलगा आठवला. आमच्याच वयाचा, दहा-अकराचा. सुटे द्यायचा, काच पुसायचा, रात्री दार उघडून नाणी मोजायचा. यंत्र कधी कधी रुपया गिळायचं. आम्ही ओरडायचो, “छोटू, सिक्का फँस गया!” आणि तो मागून हात घालून खेळ सुरू करून द्यायचा. कधी कधी काहीच अडकलेलं नसायचं. आम्ही खोटं बोलायचो. कमी पडलेल्या रुपयाचा हिशेब मालक कुणाला विचारत असेल, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. त्या गोलांचा अर्थ मला खात्रीने सांगता येणार नाही. पण अंदाज आहे, आणि तो चुकीचा ठरावा असं वाटतं.

ढाबे, चहाची दुकानं, करमणुकीची केंद्रं इथे चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवायला बंदी आली ती १० ऑक्टोबर २००६ पासून. त्याआधीचं म्हणून मला सुटता येत नाही. खोटं बोलू नये हे कळायला कायद्याची वाट पाहावी लागत नाही.

मिस्त्रींचं म्हणणं, सगळ्यात सडलेला भाग म्हणजे हे दार; बदलायलाच हवं. ते बरोबर होतं. समोरची अक्षरं आमची म्हणून मी ती प्रेमाने ठेवली होती, आणि जिथे आमचा खोटेपणा लिहिलेला होता, नेमकी तीच फळी काढून टाकायला आयतं कारण मिळत होतं. जुनी वस्तू दुरुस्त करताना आपण काय ठेवायचं ते ठरवतो, म्हणजे कुणाचं बालपण मोजायचं तेही ठरवतो.

दार ठेवलं. आतून लाकडी पट्ट्या मारल्या, बिजागऱ्या नव्या बसवल्या. याने माझं काही फिटलं असं मी मानत नाही. फळी जपायला मला काय पडलं? दोन पट्ट्या आणि थोडं फेव्हिकॉल. ज्याचे रुपये बुडाले त्याला यातलं काही पोचत नाही. उलट त्याचा हिशेब माझ्या हॉलमध्ये शोभेला मांडल्यासारखं होईल, ही भीती आहेच. म्हणून खोका भिंतीला पाठ लावून उभा केला. तरी पुसून टाकण्यापेक्षा हे बरं. रेघा पुसल्या असत्या तर तो मुलगा तिथे होता याचा माझ्याकडचा एकमेव पुरावा मीच नष्ट केला असता.

दिवाळीत ताईची मुलगी आली होती. एक बटण अडकलं म्हणून मी खोका ओढून मागचं दार उघडलं. तिने वाकून पाहिलं आणि विचारलं, “मामा, हे कुणी लिहिलंय?”

मी म्हणालो, “इथे काम करणाऱ्या एका मुलाने.”

“नाव काय त्याचं?”

समोरच्या पट्टीवर कोरलेली नावं मला अजून पाठ आहेत. त्याचं आम्ही कधी विचारलंच नव्हतं.