लेकराच्या हाती तीरकामठा

सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका भिल्ल मंडळीत आम्ही उपासनेस गेलो असता एका बापाने आम्हांस विचारिले, "पाळकसाहेब, पोरगा सात वर्षांचा झाला. त्याला तीरकामठा शिकवू का?" आम्ही घाईत होतो. शस्त्र ते शस्त्र, ख्रिस्ती लेकराच्या हाती ते कशास, असे म्हणून आम्ही वाटेस लागलो. बापाने आमचे ऐकिले. लेकराने मात्र ऐकिले नाही. आजाचा कामठा घराच्या कुडास टांगलेला तो रोज पाहत होता. महिन्याभरात त्याने बांबूची कामटी वाकवून स्वतःच एक कामठा केला, आणि घरामागे सोडलेला त्याचा बाण धाकट्या बहिणीच्या भुवईस लागला. डोळा बोटभर अंतराने वाचला.

त्या जखमेत आमचाही वाटा आहे, हे आम्ही लपवीत नाही. आम्ही मनाई केली आणि तिलाच शिक्षण समजलो.

कोणी म्हणतील, शिकार तर १९७२ च्या कायद्याने बंद झाली. आता ही विद्या हवी कशाला? रानातील जिवास मारण्यासाठी ती कोणीही शिकवू नये, हे आम्हांसही मान्य आहे. परंतु त्याच १९७२ साली म्युनिक येथे तिरंदाजीस ऑलिंपिक खेळांत पुन्हा स्थान मिळाले, हेही ध्यानात असावे. म्हणून विद्या बरी की वाईट ह्यापेक्षा, बापाच्या मनात काय आहे, हा प्रश्न आम्हांस मोठा वाटतो.

इसहाकाचेच पाहा. एसावाने आणिलेल्या शिकारीची त्यास गोडी होती, म्हणून तो एसाव त्याचा लाडका. म्हातारपणी दृष्टी गेल्यावरही त्याने पुत्रास भाता व धनुष्य घेऊन रानात धाडिले, ते स्वतःच्या जिभेसाठी. पुढे त्या घरात काय फूट पडली, हे वाचकांस ठाऊकच आहे. आमच्यातही असे बाप आहेत. लेकराचा नेम चांगला लागला की चारचौघांत आपली मान उंच होते, एवढेच त्यांस पाहिजे असते. उलट योनाथान हाही धनुर्धारी होता. त्याने शेतात बाण सोडिले, ते कोणास मारावयास नव्हे, तर लपून बसलेल्या दाविदास खूण कळवून त्याचा जीव वाचवावयास.

इब्री भाषेत बाण सोडणे व शिकविणे ह्या दोहोंस एकच क्रियापद लागते, हे सेमिनरीत आम्ही पाठ केले होते. त्याचा उपयोग फार उशिरा झाला. मरणास टेकलेल्या अलीशाने राजास धनुष्य हाती घ्यावयास सांगितले तेव्हा तो नुसती आज्ञा करून राहिला नाही. त्याने आपले हात राजाच्या हातांवर ठेविले. आम्ही मात्र वाटेवरूनच उत्तर दिले होते.

पुढे आम्ही त्या बापाकडे जाऊन क्षमा मागितली आणि शिकवावयास सांगितले. काय शिकवावे, हे त्यास आमच्याहून ठाऊक होते. लेकराच्या बळाइतका हलका कामठा, बाणास लोखंडी फाळ नाही, गवताचा भारा, आणि त्यामागे मातीचा बांध. सर्व बाण सोडून झाल्यावाचून कोणीही पुढे जावयाचे नाही. आणि एक गोष्ट तो नेमापूर्वी शिकवितो: ओढलेली दोरी बाण न सोडता हळूहळू परत आणणे. हे ओढण्याहून कठीण आहे. लेकराचे दंड थरथरतात. बाप मागे गुडघ्यावर बसून त्याच्या हातांखाली आपले हात धरितो.

गेल्या पावसाळ्यानंतर आम्ही तेथे पुन्हा गेलो. पोराने दोरी कानापर्यंत ओढिली होती, इतक्यात शेजाऱ्याची शेळी भाऱ्याजवळ आली. बापाचा हात तेव्हा त्याच्यावर नव्हता, आणि बाप बोललाही नाही. पोराने दोरी हळूच परत आणिली, बाण जमिनीकडे केला व शेळी जाईपर्यंत उभा राहिला. बहीण ओट्यावर बसून पाहत होती. भुवईवरचा वण अजून दिसतो. पुढल्या वर्षी तिलाही एक लहान कामठा करून देईन, असे बाप म्हणत होता.