श्रवणाचा धर्म

कठोपनिषदात यमाने नचिकेत्याची जी परीक्षा पाहिली, तिच्यात भयाचा अंश फार थोडा आहे. मृत्यूनंतर काय उरते या त्याच्या प्रश्नाचे उत्तर टाळावे म्हणून यम त्याला हत्ती, घोडे, सुवर्ण, दीर्घायुष्य देऊ करतो आणि रथारूढ, वाद्ये वाजविणाऱ्या अप्सराही त्याच्यापुढे उभ्या करतो. म्हणजे गंभीर प्रश्न विचारणाऱ्याला धाक घालण्यापेक्षा त्याचे मन रिझविले की प्रश्न आपोआप विरतो, हे त्या प्राचीन ऋषीस पुरते ठाऊक होते. नचिकेता ते नृत्यगीत यमाचे यमालाच परत करतो, आणि तेव्हा कुठे श्रेय व प्रेय यांच्या विचारास आरंभ होतो. दोन्ही माणसापुढे येतात, निवड त्याची त्याने करावयाची असते.

बीड जिल्ह्यास हा विचार परका नाही. ज्या मुकुंदराजांनी शके १११० मध्ये ‘विवेकसिंधु’ रचून वेदान्ताची चर्चा मराठीत आणली असे परंपरा मानते, त्यांची समाधी अंबाजोगाईस आहे. आणि त्याच जिल्ह्याच्या संदर्भात २०१९ च्या जून महिन्यात आपणा सर्वांच्या विवेकाची जी कसोटी लागली, तिच्याविषयी मला लिहावयाचे आहे.

त्या महिन्यात इंग्लंडात क्रिकेटचा विश्वचषक चालू होता. ९ जूनला ऑस्ट्रेलियाविरुद्ध खेळताना शिखर धवनच्या अंगठ्याला इजा झाली, आणि १९ जूनला तो स्पर्धेबाहेर गेल्याचे जाहीर होईपर्यंत त्या अंगठ्याची बित्तंबातमी शाळकरी मुलांनाही तोंडपाठ होती. त्याच सुमारास राज्याच्या आरोग्यमंत्र्यांनी विधिमंडळात सांगितले की, बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ स्त्रियांची गर्भाशये काढण्यात आली. पुढे नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर जी पाहणी आली, तिच्यात ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली होती. म्हणजे जवळजवळ दर सहा जणींमागे एक.

या आकड्यांमागचा व्यवहार गावात कोणासही विचारावा. दसरा-दिवाळीच्या सुमारास धारूर, वडवणी, केज, पाटोदा या तालुक्यांतून टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात. मुकादमाची उचल नवराबायकोच्या जोडीवर असते. जोडी मिळून एक कोयता, आणि हिशेब कोयत्याचा. पहाटेच्या अंधारात फडात उतरावयाचे, ऊस तोडून, पाचट काढून, मोळ्या डोक्यावरून वाहून गाडी भरावयाची, आणि रात्री ज्या कोपीत परतावयाचे तिथे न्हाणी नाही की शौचकूप नाही. पाळीच्या दुखण्याने एक दिवस बसून काढला तर खाडा पडतो आणि खाड्याचा दंड उचलीत चढतो. अशी स्त्री अंगावरून जाते म्हणून खासगी दवाखान्यात जावी, तिला कर्करोगाची भीती घालण्यात यावी, ऐन तिशीत तिने गर्भाशय काढून टाकावे, त्या खर्चासाठी पुन्हा मुकादमाचीच उचल घ्यावी आणि टाके पुरते भरले न भरले तोच पुन्हा मोळी उचलावी, हा क्रम इतका अंगवळणी पडला की, ‘पिशवी काढली’ हे शब्द बायका दाढ काढल्यासारखे उच्चारू लागल्या.

वर्तमानपत्रांनी हे दडविले असे मी म्हणत नाही. त्याच वर्षीच्या वसंतात ही गोष्ट देशापुढे आली ती वृत्तपत्रातील वृत्तान्तामुळेच. परंतु तोवर कित्येक वर्षे लोटली होती, आणि त्या वर्षांत आपल्या पानांना व पडद्यांना कोणत्या नटीचा विवाह मोडला, कोणता खेळाडू लिलावात किती कोटींना गेला, हे सांगण्यास उसंत पुरत नव्हती. येथे धर्माचा प्रश्न उभा राहतो: जे ठाऊकच नव्हते त्याचा दोष आपणास लागतो काय?

आपल्या नैयायिकांनी ज्ञानाच्या साधनांत प्रत्यक्ष आणि अनुमान यांच्या जोडीला शब्दाला स्वतंत्र स्थान दिले, आणि शब्द म्हणजे आप्ताचे, यथार्थ बोलणाऱ्याचे, वचन असे ठरविले. पुण्यामुंबईच्या घरात चहात साखर ढवळणाऱ्या माणसाला फडातल्या स्त्रीची वेदना प्रत्यक्षाने कळणे नाही, अनुमानानेही नाही. ती कळली तर शब्दानेच. करुणा म्हणून जी वृत्ती आपण श्रेष्ठ मानतो, तिला पोहोचण्यास हा एवढाच मार्ग आहे. तो मार्ग ज्याच्या ताब्यात आहे त्याने खोटे न बोलताही केवळ क्षुल्लकाची दाटी करून तो बुजविला, तर ते असत्याहून कमी घोर नव्हे असे माझे मत आहे. आणि ऐकणाराही सुटत नाही. आपल्याकडे श्रवण ही नवविधा भक्तीची पहिली पायरी मानली आहे, ती कान उघडा असतो म्हणून नव्हे, कशाकडे कान द्यावा हे ठरविण्यात साधकाची सारी वृत्ती पणाला लागते म्हणून.

लोकांना हेच हवे असते, असा जबाब मिळतो. थकल्या माणसाला विरंगुळा हवा हे कोण नाकारील? दिवसभर मोळ्या वाहून आलेला तरुण कोपीत मोबाईलवर सामना पाहत असेल, तर त्या सुखाचा हेवा करणारे मन मला क्षुद्र वाटते. आपल्या कीर्तनकारांनी तरी श्रोत्यांना कुठे कोरडे ठेवले? गायन, विनोद, आख्यान, सारे त्यांनी जवळ केले. परंतु ते निरूपणाच्या सेवेत. रस बोधाकडे नेई. आज रसाने बोधाला घराबाहेर काढले आहे आणि दस्तऐवजावर मात्र नाव अजून बातमीचेच आहे. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. आंबेडकरांनी ‘मूकनायक’ काढला, तेव्हा ज्यांच्यासाठी तो काढला त्यांना वाचा नव्हती असे नाही. त्यांचे बोलणे छापण्यास जागा देणारे पत्र नव्हते. फडातल्या स्त्रीची स्थिती आज तीच आहे, आणि फरक इतकाच की तेव्हा जागा नाकारीत, आता ती भरलेली असते.

२०१९ नंतर बीडमध्ये दंडक घालण्यात आला की, खासगी रुग्णालयाने गर्भाशय काढण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकाची परवानगी घ्यावी. तो पाळला जातो काय, परवानगीचे अर्ज कोणत्या कारणांनी मंजूर होतात, शेजारच्या जिल्ह्यात जाऊन शस्त्रक्रिया करून घेणाऱ्यांची नोंद कोण ठेवतो, हे कचेरीत बसून कळणारे नाही. त्यासाठी माणूस एकदा पावसाळ्यात गावात आणि एकदा जानेवारीत फडावर गेला पाहिजे. तालुक्याच्या ज्या वार्ताहराने हे करावयाचे, त्याच्या हाती बहुधा तुटपुंजे मानधन असते आणि डोक्यावर जाहिराती जमविण्याचे काम. एका सामन्यासाठी परदेशी प्रतिनिधी धाडणाऱ्या पत्रांनी त्याच्या प्रवासखर्चाची तजवीज करावी, आणि तो जे लिहून आणील ते पहिल्या पानावर छापावे.