कमी मानाचा अवयव

घरात कुणाला हृदयविकार झाला तर आपण तो शेजाऱ्यांना सांगतो. गुदाशयाच्या कर्करोगाची वाच्यता मात्र होत नाही. शौचावाटे रक्त जाऊ लागले की ‘मूळव्याध असेल’ म्हणून महिने काढले जातात. लाजेपायी गेलेले हे महिनेच पुढे अनेकदा शस्त्रक्रियेचे स्वरूप ठरवतात.

१९०८ साली लंडनचे शल्यविशारद अर्नेस्ट माइल्स यांनी या रोगावरील शस्त्रक्रिया मांडली. तीत गुदाशयाबरोबर गुदद्वारही काढले जाई व पोटावर शौचाची कायमची वाट केली जाई. १९८२ मध्ये इंग्लंडमधील बिल हील्ड यांनी गुदाशय भोवतीच्या चरबीच्या आवरणासह अखंड काढण्याची पद्धत मांडली. रोग त्याच जागी उलटण्याचे प्रमाण तिने घटले. गाठीखालचा पाच सेंटिमीटर निरोगी भाग काढलाच पाहिजे, हा जुना दंडकही शिथिल झाला. खालच्या गाठींबाबत आज एक सेंटिमीटरही पुष्कळदा पुरेसा मानतात. किरणोपचार व औषधांनी गाठ आधी लहान करता येते. त्यामुळे शौचावर ताबा ठेवणारा स्नायू आज अनेक रुग्णांत राखता येतो.

राखता येतो म्हणून तो राखलाच पाहिजे काय? गाठ त्या स्नायूतच शिरली असेल तर स्नायू राखणे म्हणजे रोग राखणे होय. शिवाय स्नायू राहिला तरी गुदाशय जातोच. मग वारंवार शौच, घाई, कधी ताबा सुटणे, हे त्रास पुष्कळांच्या वाट्याला येतात. बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजुराचा विचार करू. उचल घेऊन तो सहा-सहा महिने परमुलखात फडावर राबतो. पालाशेजारी शौचालय नसते, पाणी दुरून आणावे लागते, खाडा झाला तर दंड भरावा लागतो. त्याला वारंवार येणारी कळ बरी की पोटावरची पिशवी? तिलाही पाणी आणि पैसा लागतोच. याचे उत्तर आम्ही देऊ शकत नाही. शल्यविशारदानेही ते एकट्याने देऊ नये. दोन्ही वाटा नीट समजावून त्या माणसालाच विचारले पाहिजे.

न विचारण्याची किंमत बीडने पाहिली आहे. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीपुढे आलेल्या पाहणीत, जिल्ह्यातील सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. कर्करोगाची भीती घालून शस्त्रक्रिया केल्याच्या तक्रारीही पुढे आल्या. एका सेंटिमीटरसाठी शल्यविशारदांच्या पिढ्या झिजल्या. इथे अख्खा अवयव खाड्याच्या धाकाने गेला.

संपूर्ण देहाच्या हितासाठी एखाद्या अवयवाचा त्याग करता येतो, असे ख्रिस्तसभेचे नीतिशास्त्र मानते. पण हे हित त्या माणसाचे असावे लागते. मुकादमाच्या हिशेबासाठी दिलेला अवयव या तत्त्वात बसत नाही. तसेच जीव वाचवण्यासाठी गुदद्वार द्यावे लागले तर त्या माणसात काही उणे राहत नाही. ज्या अवयवांना आपण कमी मानाचे समजतो त्यांनाच अधिक मान देतो, असे संत पौलाने करिंथकरांस लिहिले. तो मान देण्याची सुरुवात आपल्या घरापासून करता येईल. रक्त दिसले तर घरच्यांना सांगावे, डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. आणि पिशवी लावलेला बांधव मिस्साला आला, तर त्याला शेवटच्या बाकावर एकटे बसू देऊ नये.