शीळ कोणाची? सौंदर्य, भ्रम आणि विश्वास

कांटने आपल्या तिसऱ्या मीमांसाग्रंथात (१७९०) एक लहानसा प्रसंग सांगितला आहे. मोकळी हवा खाण्यासाठी खेड्यात आलेल्या पाहुण्यांना रिझवावे म्हणून एक मिस्किल यजमान एका खोडकर पोराला झुडपात लपवून ठेवतो. आसपास नाइटिंगेल पक्षी नसतो. पण ते पोर तोंडाशी बोरू धरून त्याच्या गाण्याची हुबेहूब नक्कल करते. पाहुणे मुग्ध होतात. फसवणूक ध्यानात येताच मात्र तेच गाणे कोणालाही फार वेळ ऐकवत नाही. स्वर तेच, रात्र तीच, ऐकणारे कानही तेच. मग बदलले काय?

हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. मर्ढेकरांनी सौंदर्याचा शोध संवेदनांच्या लयबद्ध रचनेत घेतला. संवाद, विरोध आणि समतोल या तत्त्वांनी ती रचना सिद्ध होते असे मानले. ही भूमिका काटेकोरपणे स्वीकारली तर शीळ पक्ष्याची की पोराची, ही चौकशी सौंदर्यबाह्य ठरते. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) या ग्रंथात सौंदर्याची संकल्पना द्विध्रुवात्मक असल्याचे दाखवले. एका ध्रुवावर अनुभवाची स्वायत्तता, तर दुसऱ्यावर जीवनाशी असलेले त्याचे नाते. कांटचा प्रसंग या दोन ध्रुवांमधील ताण उघड करतो. त्या ताणाचा नैतिक अर्थ काय, एवढ्याच प्रश्नाचा येथे विचार करावयाचा आहे.

त्यासाठी सह्याद्रीत यावे. पावसाळ्याच्या तोंडावर घाटातील ओढ्याकाठी, पुरते उजाडण्यापूर्वी, शीळकरी कस्तूर गाऊ लागतो. त्याची शीळ इतकी मानवी वाटते की इंग्रजीत या पक्ष्याला ‘शीळ घालणारा शाळकरी पोरगा’ अशा अर्थाचे टोपणनाव पडले आहे. कांटच्या प्रसंगात पोरगा पक्षी होतो. इथे पक्षीच पोरगा वाटतो. कोणीतरी रमतगमत चालले आहे असे वाटून आपण वळून पाहतो, आणि तिथे कोणी नसते. या क्षणीचा आनंद केवळ स्वरांचा नसतो. हे गाणे आपल्यासाठी नाही, आपण नसतो तरी ते असेच चालले असते, या जाणिवेचाही तो असतो.

आज अनेक छायाचित्रकार रानात भ्रमणध्वनीवरून पक्ष्यांचे मुद्रित आवाज वाजवतात. आपल्या हद्दीत कोणी प्रतिस्पर्धी शिरला असे समजून नर पक्षी त्याला हुसकावण्यासाठी उघड्यावर येतो आणि छायाचित्र उत्तम निघते. कांटच्या प्रसंगाचे हे उलटे रूप होय. तिथे माणूस फसला होता. इथे पक्षी फसतो. छायाचित्राच्या रंगरेषांत या फसवणुकीची खूण कुठेच नसते. तरीही ती कळल्यावर ते चित्र आपल्याला पूर्वीसारखे पाहता येत नाही. ज्याच्या स्वतंत्र असण्याने आपण मोहित झालो, त्यालाच आपण वेठीला धरलेले असते.

पण मग भ्रम आणि सौंदर्य यांचे वैरच आहे असे म्हणावे काय? संगीतपटाचा अनुभव याच्या विरुद्ध साक्ष देतो. प्रभातच्या ‘संत तुकाराम’मधील (१९३६) शांताराम आठवले यांचे एक पद अनेकांनी तुकोबांचाच अभंग समजून डोक्यावर घेतले. हीही एका अर्थी दुसऱ्याच्या गळ्याची नक्कलच. परंतु ते पद आठवल्यांचे आहे हे कळल्यावर त्याची गोडी उणावत नाही. कारण अभंग ही मुळातच माणसाने माणसासाठी केलेली रचना आहे. त्या परंपरेत आपला स्वर मिसळणे ही फसवणूक नव्हे. पार्श्वगायनाचेही तसेच. ओठ एकाचे आणि आवाज दुसऱ्याचा, हा संकेत प्रेक्षकाने मान्य केलेला असतो.

मात्र हा संकेतही पूर्णतः निरपराध नाही. ‘महल’ (१९४९) या चित्रपटातील खेमचंद प्रकाश यांनी संगीत दिलेले प्रसिद्ध गीत तबकडीवर आले, तेव्हा गायिका म्हणून ‘कामिनी’ हे चित्रपटातील पात्राचेच नाव छापलेले होते. तो आवाज लता मंगेशकरांचा होता. हे कळल्याने गीताच्या सौंदर्याला बाध आला नाही. पण एका कलावंताचे ऋण अमान्य झाले होते, हे मात्र स्पष्ट झाले. म्हणजे कलेत सत्याची मागणी संपत नाही. ती केवळ जागा बदलते. निसर्गाकडून आपल्याला अकृत्रिमता हवी असते. कलेत कृत्रिमता चालते, पण तिच्या कर्त्याला नाकारणे चालत नाही.

आता मैत्री. ॲरिस्टॉटलने उपयुक्ततेवर, सुखावर आणि सद्‌गुणांवर आधारलेली असे मैत्रीचे तीन प्रकार मानले. तिसऱ्या प्रकाराला काळ लागतो, बरोबर पुरेसे मीठ खाल्ल्याखेरीज माणसे एकमेकांना ओळखत नाहीत, या म्हणीचा आधारही त्याने घेतला. समजा, वीस वर्षांच्या स्नेहानंतर उमगले की मित्र केवळ आपल्या ओळखींचा लाभ घेण्यासाठी येत होता. त्या संध्याकाळचे हसणे, गप्पा, दिलेले आधाराचे शब्द यांतील एक अक्षरही बदललेले नाही. तरी मागे वळून पाहता सारेच विटते. कांटच्या पाहुण्यांची एक रात्र गेली. इथे आयुष्याचा एक तुकडा जातो. म्हणूनच मैत्रीचे सौंदर्य रचनेत शोधता येत नाही. दुसऱ्याने आपल्याजवळ असावे, पण स्वतःच्या इच्छेने असावे, ही तिची अट आहे. रानपाखराचे स्वातंत्र्य आणि गाण्याची आपल्याला उद्देशून असण्याची वृत्ती या दोन्ही गोष्टी तिच्यात एकवटलेल्या असतात.

सौंदर्यास्वादात निर्हेतुकता हवी असे आपण वर्गात शिकवतो. तिचा अर्थ बहुधा आस्वादकाच्या चित्तवृत्तीपुरता लावला जातो: मला वस्तूकडून काही नको. वरील उदाहरणे पाहता तो अपुरा वाटतो. वस्तूकडून काही नको म्हणणाराच पक्ष्याला फसवून त्याचे चित्र मिळवतो. आवाजावर लुब्ध असणाराच गाणारीचे नाव विचारायला विसरतो. निर्हेतुकता ही चित्ताची अवस्था असण्याआधी वर्तनाची शिस्त आहे. ती पाळली म्हणजे सौंदर्य हमखास लाभेल असे नाही. पहाटेच्या पावसात ओढ्याकाठी तासभर थांबावे आणि कस्तुराने गाऊ नये, हेही शक्य आहे. त्याच्या न गाण्याचा हक्क मान्य असणे, हीच बहुधा त्याचे गाणे ऐकण्याची पात्रता होय.