जात्याला आडनाव नाही

सायणभाष्यासह ऋग्वेदाची संपूर्ण छापील आवृत्ती १८४९ ते १८७४ ह्या पंचवीस वर्षांत ज्यांनी सिद्ध केली, त्या मॅक्स मुल्लर ह्यांचे नाव आपल्याकडील जुन्या पिढीच्या तोंडी 'मोक्षमूलर भट्ट' असे होते. हे रूप त्यांचे त्यांनीच घडविले होते. ग्रंथाच्या संस्कृत मुखपृष्ठावर ऑक्सफर्डचे त्यांनी 'गोतीर्थ' केले, आणि स्वतःच्या नावात मोक्षाचे मूळ शोधिले! १८९७ साली लोकमान्य टिळकांस राजद्रोहाची शिक्षा झाल्यावर त्यांच्या सुटकेसाठी जो अर्ज गेला, त्यावरही ह्या मोक्षमूलरांची सही होती, त्यामुळे महाराष्ट्रास त्यांचे नाव वेदांपलीकडच्या कारणानेही परिचयाचे झाले. परंतु ह्या भारदस्त संस्कृत वेषाच्या आत मूळचा जो जर्मन शब्द आहे, त्याचा अर्थ अगदी साधा आहे. मुल्लर म्हणजे धान्य दळून देणारा, गिरणीवाला.

मुल्लर हे जर्मनीतील सर्वांत अधिक आढळणारे आडनाव आहे. ते इतके सार्वत्रिक की, नुसत्या मुल्लर ह्या नावाने माणूस ओळखू येईना, म्हणून ह्या पंडिताने 'मॅक्स' हे आपले पाळण्यातील नावच आडनावास जोडून घेतले. गंमत अशी की, त्यांच्या घराण्यात दळणाचा धंदा कोणाच्या आठवणीत राहिलेला नव्हता. त्यांचे वडील विल्हेल्म मुल्लर हे कवी. गिरणीवाल्याच्या मुलीवर त्यांनी रचिलेल्या काव्यमालेस शूबर्टने १८२३ साली चाली दिल्या, आणि त्याच वर्षी मॅक्स जन्मले. आजोबा तर व्यवसायाने शिंपी होते. शिंप्यासाठी जर्मन भाषेत 'श्नायडर' हा निराळा शब्द आहे, आणि तेही तिकडे मोठे प्रचलित आडनाव आहे. तरी ह्या शिंप्याला कोणी श्नायडर म्हटले नाही. त्याच्या किती पिढ्यांपूर्वीचा कोणी पूर्वज ओढ्याकाठी दळीत बसला होता, त्याचे नाव तेवढे मागे उरले आणि काम पुढे निघून गेले.

हे नाव पडले कसे, तेही पाहण्यासारखे आहे. जर्मन मुलखात कुलनामे स्थिर झाली ती साधारण बाराव्या ते पंधराव्या शतकांच्या दरम्यान. गावात चार हान्स आणि पाच पेटर झाले, म्हणजे त्यांस वेगळे ओळखण्यासाठी काही खूण लागते. शेती सर्वांचीच असल्यामुळे शेतकरी ही खूण फारशी उपयोगाची नव्हे; जे काम गावात एकट्याचेच, तेच खुणेला चांगले. म्हणून दळणारा मुल्लर, लोहार श्मिट, गावचा मुखत्यार शुल्त्स, जहागिरीचा कारभारी मायर ही नावे गावोगाव स्वतंत्रपणे उगवली. एका मुल्लराचे दुसऱ्याशी नाते असण्याचे काहीच कारण नाही. प्रांताप्रांताच्या बोलीने त्यांस निरनिराळी रूपे दिली: उत्तरेकडे मुल्लराचा मोलर होतो, लोहार कोलोनच्या बाजूस श्मिट्स, तर बव्हेरियात श्मिड. अमेरिकेत गेलेल्या कित्येक मुल्लरांचे मिलर झाले. अलीकडे टेलिफोनच्या यादीवरून ह्या नावांचे नकाशे तिकडील भाषापंडितांनी तयार केले आहेत, आणि बोलींच्या जुन्या सीमा त्यांवर अजून दिसतात.

परंतु गावात दळणारा एकटाच का? ह्याचे उत्तर निव्वळ सोयीत नाही, ते हक्कात आहे. पाणचक्की बांधणे खर्चाचे काम. ती जमीनदाराची किंवा मठाची असे, आणि अनेक ठिकाणी रयतेने आपले धान्य त्याच चक्कीवर नेले पाहिजे असा निर्बंध असे. गिरणीवाला दळणातून आपला वाटा काढून घेई. तो किती काढतो ह्याविषयी लोकांस नेहमी संशय. म्हणून धंदा आवश्यक आणि धंदेवाला बदनाम, अशी स्थिती झाली. कित्येक नगरांतील कारागिरांचे संघ गिरणीवाल्याच्या व तागाचे कापड विणणाऱ्या कोष्ट्याच्या मुलास आपल्यात घेत नसत. १५४८ च्या साम्राज्याच्या नियमावलीत, ह्या लोकांच्या मुलांस संघांनी मज्जाव करू नये, असे स्पष्ट लिहावे लागले. मेलेल्या जनावरांची कातडी सोलणाऱ्यास मात्र त्यानंतरही दोन शतके ही दारे बंदच होती. आपल्याकडे हे वाचताना आपण परक्या देशाविषयी वाचीत आहो असे वाटत नाही!

आता आपल्या मराठी आडनावांची यादी डोळ्यांपुढे आणावी. तीत पाटील आहेत, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे, जोशी, पोतदार, चिटणीस, फडणीस आहेत. दळणारा त्यांत कोठेच नाही. 'दळवी' हे नाव ऐकून कोणास दळणाची आठवण होईल, पण ते दळ म्हणजे सैन्य ह्यावरून आलेले आहे. जर्मनीत जे नाव सर्वांत अधिक, ते आपल्याकडे मुळीच का नसावे? आपण काही पीठ खात नव्हतो असे नाही.

कारण उघड आहे, पण ते उघड असल्यामुळेच कोणी बोलून दाखवीत नाही. आपल्याकडे दळण गावात एकट्याचे नव्हते. ते घरोघर होते, आणि ते बायका करीत. भंडारा जिल्ह्यासारख्या धानाच्या मुलखात तर दळणाबरोबर कांडणही आले. उखळ-मुसळाचे घाव घालून साळीचा तांदूळ केल्याखेरीज चूल पेटत नसे. भाताच्या गिरण्या व विजेवरची चक्की आल्यापासून तो चित्रपट पालटला; परंतु त्यापूर्वीची शतकानुशतके ह्या जिल्ह्यातील प्रत्येक घास कोणत्या तरी स्त्रीच्या दंडातून गेलेला होता. तेल गाळणाऱ्याच्या धंद्यावरून एका मोठ्या समाजास नाव मिळाले, कारण तेल विकले जाई. पीठ घरचे घरात उरे. त्याचा मोबदला नव्हता, वतन नव्हते, बलुते नव्हते. म्हणून जात्याला आडनाव नाही.

ह्यावरून माझ्या मनात जो विचार दृढ झाला तो असा. धंद्यावरून आलेले आडनाव हे श्रमांचे स्मारक आहे, अशी आपली गोड समजूत असते. वस्तुतः ते श्रमांवरील अधिकाराचे स्मारक आहे. ज्याला एखादे काम करण्याचा किंवा करविण्याचा हक्क गावाने अथवा राज्याने मान्य केला, त्याचे नाव टिकले. भंडाऱ्यास तलावांचा जिल्हा म्हणतात. हे तलाव बांधण्यात कोहळी समाजाचे कौशल्य सर्वमान्य आहे. नवेगाव-बांधचा विस्तीर्ण तलाव, जो १९९९ पासून गोंदिया जिल्ह्यात गेला, तो कोलू पाटील कोहळी ह्यांनी बांधिला अशी परंपरा आहे. ह्या एका नावात माणूस, अधिकार व समाज हे तिन्ही एका ओळीत उभे आहेत. परंतु माती खणून पाटीने पाळीवर टाकणाऱ्या शेकडो हातांपैकी एकाचेही नाव परंपरेने जपले नाही. पुढे इंग्रजी अमदानीत बहुतेक तलाव मालगुजारांच्या ताब्यात राहिले. १९५१ साली मालगुजारी गेली. तरी सरकारी दप्तरात ते 'माजी मालगुजारी तलाव' आणि लोकांच्या बोलण्यात 'मामा तलाव' म्हणून चालत राहिले. हक्क संपल्यावरही हक्काचेच नाव शिल्लक राहते, खणणाऱ्याचे नाही.

ह्याच जिल्ह्यात विणकराची गोष्ट निराळी झाली आहे. पवनी, मोहाडी, आंधळगाव येथील मागांवर सुताची व टसराची वस्त्रे विणणाऱ्या कोष्टी घराण्यांची आडनावे पाहा: पराते, निमजे, हेडाऊ, नंदनवार. त्यांत मागाचा किंवा धोट्याचा मागमूस नाही. जर्मन विणकर 'वेबर' झाला, आणि त्या नावाचा एक संस्कृत पंडितही बर्लिनला होऊन गेला. आमच्या विणकराच्या आडनावात धंदा शिरला नाही, कारण धंदा त्याच्या जातीच्या नावात आधीच बसलेला होता. आणि जातीचे नाव आडनावासारखे सैल नसते. आपण मूळचे हलबा आदिवासी, उपजीविकेसाठी माग धरला म्हणून लोक कोष्टी म्हणू लागले, असे ह्या समाजातील हजारो कुटुंबांचे म्हणणे आहे. २००० साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने असा निर्णय दिला की, अनुसूचीत 'हलबा' आहे, 'हलबा-कोष्टी' नाही, आणि अनुसूचीत नसलेला शब्द पुरावा घेऊन तीत वाचता येणार नाही. कायद्याच्या दृष्टीने हे बरोबर असेल; अनुसूची दुरुस्त करण्याचा अधिकार संसदेचा आहे, न्यायालयाचा नव्हे. परंतु मॅक्स मुल्लरांच्या आजोबांना आपण दळणारे की शिंपी हे कोणत्याही कचेरीत सिद्ध करावे लागले नव्हते. इकडे माग थांबला तरी मागाचा शब्द माणसाची नोकरी ठरवितो.

तेव्हा ह्या नावांचे करावयाचे काय, हा खरा नैतिक प्रश्न आहे. एक मत असे की, आडनावे टाकून द्यावीत. ह्या मताविषयी मला आदर आहे, विशेषतः ज्याचे नाव उच्चारताच समोरच्याच्या चेहऱ्यावरील रेषा बदलतात त्याने ते टाकले तर त्यास कोणी दोष देऊ नये. मात्र जर्मनीचे उदाहरण सांगते की, नाव तसेच ठेवूनही त्याचा डंख काढता येतो. तेथे मुल्लर उरला व मज्जाव गेला. आपल्याकडे पुष्कळदा नाव बदलते आणि मज्जाव उरतो. श्रमांची वाटणी आणि श्रम करणाऱ्यांची वाटणी ह्यांत डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली जो भेद केला, त्याचे मर्म येथे आहे. पहिल्या वाटणीत शिंपी मुल्लर नावाने सुखाने नांदतो. दुसरीत ते शक्य नाही. आंबेडकर हे नावही गावावरून आलेले आहे, धंद्यावरून नव्हे. तरी १९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत ते उभे राहिले व पराभूत झाले, तेव्हा त्यांची जात कोणती हे एकाही मतदारास विचारावे लागले नसेल.

दुसरे मत अभिमानाचे. आमच्या पूर्वजांनी देशमुखी केली, मालगुजारी केली, ते नाव आम्ही अभिमानाने मिरविणार. त्यांनी कोणावर जुलूम केला असेल तर तो त्यांचा, आमचा त्यात काय अपराध? ह्या युक्तिवादाचा उत्तरार्ध मला मान्य आहे. अपराध करणाऱ्याबरोबर जातो. नातवाला आजोबांच्या कृत्याची शिक्षा देणे हा अन्यायच होय. परंतु अपराध आणि ऋण ह्या दोन वस्तू भिन्न आहेत. आपल्या धर्मशास्त्राने हे पूर्वीच ओळखिले होते: बापाचे पाप मुलाच्या माथी नाही, पण बापाचे कर्ज फेडणे हे मुलाचे पवित्र कर्तव्य. हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने हे कर्तव्य कायद्यातून काढून टाकिले, आणि त्याच कलमाने मुलीस जन्मतः समान वाटा दिला. ते योग्यच झाले. जो मिळकत घेत नाही त्याने कर्ज तरी का वाहावे? पण ह्याचीच दुसरी बाजू अशी की, जो मिळकत घेतो त्यास कर्जाकडे पाठ फिरविता येत नाही. आडनावाचा मान ही मिळकत आहे. ती नको असेल तर प्रश्नच मिटला. हवी असेल तर तिच्यावरील बोजाही वाचून पाहिला पाहिजे, आणि त्या बोज्यात माती वाहणारे आहेत, विणणारे आहेत, आणि घरातलीच दळणारी आहे.

कोणी म्हणेल की, आई-आजीचे ऋण मानण्यास आडनाव कशाला, ते मनात असतेच. मनात असते खरे. पण पाटलाचे पाटीलपण आपण मनात ठेविले नाही, दप्तरात ठेविले. १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर स्वतःच्या नावानंतर आईचे, मग वडिलांचे, आणि शेवटी आडनाव, असा क्रम महाराष्ट्र शासनाने लावून दिला आहे. ह्यापूर्वी जात्यावर बसलेल्या बायकांची नावे नोंदण्याचा मोठा उद्योग हेमा राईरकर व गी पॉइटव्हिन ह्यांनी १९८० नंतरच्या काळात केला. खेडोपाडी हिंडून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्या संग्रहात ओवीबरोबर गाणारीचे नाव व तिचे गाव दिलेले आढळते. आडनावही आहे, ते बहुधा सासरचे असते.