धोकादायक कोण?

मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ सालच्या कायद्यात ३५४ नंबरचं कलम आहे. इमारत पडायला आली, राहणाऱ्याच्या नाहीतर येणाऱ्याजाणाऱ्याच्या जिवाला धोका झाला, की आयुक्त नोटीस काढतो. पाडा, टेकू द्या, नाहीतर दुरुस्त करा. नोटीस कुणाला? मालकाला किंवा राहणाऱ्याला. मला बोलायचंय ते ह्या 'किंवा'वर.

हा शब्द वरवर न्यायाचा दिसतो. दोघं एका तागडीत. पण दोस्तांनो, मालक ती नोटीस वाचतो पेढीवर बसून आणि राहणारा वाचतो त्याच भिंतीखाली उभा राहून. एकाचं जातं ते गणित, दुसऱ्याचं जातं ते डोक्यावरचं छप्पर. दोघांत 'किंवा' घातला की कायद्याचं काम सोपं होतं. जो सापडेल त्याला हाकला. सापडतो कोण, हे सांगायला नको.

आता इमारत धोकादायक होते कशी? ती काय दारू पिऊन झिंगत नाही. १९४७च्या कायद्यानं मुंबईतली जुनी भाडी १९४० सालच्या आकड्याला बांधली. त्या भाड्यात पुढं गिलावासुद्धा होईना, हे मालकाचं म्हणणं खोटं नाही. आपण ते मान्य करायला पायजे. पण त्यानं दुरुस्ती सोडली आणि घर मात्र सोडलं नाही. भिंत म्हातारी होत गेली तशी खालची जमीन तरणी होत गेली. मग १९६९ साली सरकारनं कायदा करून दुरुस्ती मंडळ काढलं, उपकर बसवला. तेव्हा शहरात अशा इमारती साडेएकोणीस हजारांच्या वर होत्या. एवढ्या इमारती काही एका पावसात सडल्या नव्हत्या.

आता तीस वर्षांवरच्या इमारतीची तपासणी करावी लागते. निकाल अक्षरात येतो. सी-१ म्हणजे खाली करा आणि पाडा. सी-२ म्हणजे दुरुस्त होईल. मालकाचा इंजिनिअर सी-१ लिहितो, भाडेकरूंचा सी-२ लिहितो. एकच भिंत, एकच गंजलेली सळई, दोन अहवाल. मग पालिकेची तांत्रिक सल्लागार समिती बसते. म्हणजे विज्ञानसुद्धा विचारतं, फी कोण देतंय!

इथवर लिहिणं सोपं आहे. टाळ्या मिळतात. अवघड पुढं आहे.

२०१३च्या सप्टेंबरात माझगावला बाबू गेनू मार्केटची इमारत कोसळली. ६१ माणसं मेली. मालक पालिका, राहणारे पालिकेचेच कामगार आणि त्यांची बायकापोरं. नाव कुणाचं, तर १९३०ला विलायती कापडाच्या ट्रकपुढं आडवा पडून मेलेल्या गिरणी कामगाराचं. इथं नोटीस काढणारा आणि घर सांभाळणारा एकच होता, तरी माणसं ढिगाऱ्याखाली गेली. भेंडीबाजारात २०१७ साली पुन्हा तेच, तीसच्या वर बळी. भिंत कुणाच्या बाजूची नसते. ती पडते.

म्हणून मला कार्यकर्त्यांना विचारायचंय. तू जिना चढून जातोस आणि बायांना सांगतोस, "हलू नका, बिल्डरचा डाव आहे." डाव असेलही. पण तू रात्री तुझ्या घरी झोपणार आणि ती पोरं त्या तुळईखाली. हा अधिकार तुला कुणी दिला? आणि वॉर्डातला साहेब म्हणतो, "चला, बाहेर व्हा." तो अधिकार त्याला कुणी दिला? माझं उत्तर असं की जो बाहेर काढतो तो कर्जदार होतो. परत आणण्याचं कर्ज त्याच्या डोक्यावर बसतं. ते फेडायची तयारी नसेल तर त्याची नोटीस म्हणजे जीव वाचवणं नव्हे, जागा मोकळी करणं. संक्रमण शिबिरात म्हातारी झालेली माणसं बघा. संक्रमण कसलं? जन्म गेला.

हे जुनंच आहे. १८९६ला प्लेग आला, १८९८ला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, आणि घाणेरड्या म्हणून वस्त्याच्या वस्त्या पाडल्या. माणसं शेजारच्या गल्लीत गेली, तिथं गर्दी वाढली. ट्रस्टनं पुढं चाळी बांधल्या, परळच्या अशाच चाळीत बाबासाहेब दोन खोल्यांत कितीतरी वर्षं राहिले. पण पाडणं आधी आणि बांधणं मागाहून, हा क्रम तेव्हा पडला तो पडलाच. आणि ती नजरही आपल्या ओळखीची आहे. मी साच्यावर काम करणारा माणूस. धोट्यातला धागा तोंडानं ओढून ओला करावा लागायचा, म्हणून आपल्या लोकांना विणकाम खात्यात घेत नव्हते. १९२८च्या संपात बाबासाहेबांनी हे भर चव्हाट्यावर आणलं. थुंकीत विटाळ बघणारा डोळाच खोलीत रोग बघतो. खोलीला नळ का नाही, हे त्याला दिसत नाही.

फुटपाथवरच्या झोपडीला तर 'किंवा'सुद्धा नाही. त्याच १८८८च्या कायद्याचं ३१४ कलम म्हणतं, विनानोटीस हटवा. १९८५ला सुप्रीम कोर्टानं ओल्गा टेलिस खटल्यात सांगितलं की उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे. आणि तरी झोपड्या काढायला परवानगी दिली. नोव्हेंबर २०२४ला त्याच कोर्टानं बुलडोझरवर लगाम घातला, पंधरा दिवसांची नोटीस हवीच म्हणालं. मात्र रस्ता, फुटपाथ, रेल्वेलगत, नदीकाठ ह्यांना ते लागू नाही. आपली माणसं राहतात कुठं, सांगा बरं?

एक गोष्ट मात्र पदरात आहे. सांगली-मिरजेकडच्या खटल्यात २०१४ साली सुप्रीम कोर्ट म्हणालं, पालिकेनं इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क मरत नाही. तेव्हा नोटीस आली की फाडू नका आणि मुकाट्यानं पेटीही उचलू नका. आधी कागद मागा. खोली किती चौरस फूट, नाव कुणाचं, ते शिक्क्यानिशी लिहून घ्या. मग चला.

पण ज्याच्याकडं भाडंपावतीच नाही, जो पोटभाडेकरू आहे, जो एका खोलीत पाळीपाळीनं झोपणाऱ्या दहांतला एक आहे, त्याचं नाव त्या कागदावर कसं चढवायचं? पुढच्या बैठकीत आधी ह्यावर बोलू.