पल्ला आणि रांग

इलेक्ट्रिक गाड्यांवरची आपली चर्चा अजून एकाच आकड्याशी घुटमळते आहे: एका चार्जमध्ये किती किलोमीटर? २०२० च्या सुमाराला बाजारात आलेल्या देशी गाडीत ३० युनिटची बॅटरी होती, आज ७९ युनिटची मिळते, तेव्हा लांबच्या प्रवासाचा प्रश्न मिटला, असं बऱ्यापैकी जाणती माणसंही म्हणतात. पण हा हिशेब एका गाडीचा आहे. पाच कुटुंबं पाच ईव्ही घेऊन मुंबईहून मालवणला निघाली, की तो कोलमडतो. पल्ला हा गाडीचा गुण, रांग हा रस्त्याचा. आणि सहल रस्त्यावर होते.

आकडे ढोबळच घेऊ. अंतर सुमारे ५०० किलोमीटर, हायवेच्या वेगाला युनिटमागे साडेसहा किलोमीटर, म्हणजे गाडीमागे साधारण ७७ युनिट. ४५ युनिटच्या गाडीला वाटेत निदान ३२ आणि हाताशी थोडी राखीव धरून ४० युनिट घ्यावी लागतात. पाच गाड्यांची २०० झाली. वाटेतला चार्जर ६० किलोवॉटचा आणि दोन गनचा असेल, तर दोन्ही गन लागल्यावर ताकद बहुधा वाटली जाते. म्हणजे सगळं सुरळीत चाललं तरी सव्वातीन तासांहून जास्त, आणि ऐंशी टक्क्यांनंतर वेग मंदावतो तो वेगळाच. तीन ठिकाणी थांबून हे तीन तुकड्यांत वाटता येईल, पण सगळ्यांनी बरोबरच राहायचं असेल तर बेरीज तीच. पाच घरांची पंगत आणि पाट दोनच, असा हा मामला आहे. पेट्रोलच्या गाड्यांनाही रांग होतीच, पण पाच मिनिटांत सरकणारी रांग कोणाला जाणवत नाही.

मोठ्या बॅटरीने हे सुटतं, हे उत्तर अर्धं बरोबर आहे, म्हणूनच ते तपासायला हवं. ७९ युनिटवाल्या पाच गाड्या घरून भरून निघाल्या, तर वाटेतली रांग खरोखर ओसरते. प्रत्येकीला दहाएक युनिट पुरतात. पण त्या मालवणला पोहोचतात जवळजवळ रिकाम्या. तिथे होमस्टेच्या अंगणात १५ अँपिअरचं एक सॉकेट असेल तर ते तीनेक किलोवॉट देतं. एका गाडीला ६० युनिट भरायला वीस तास, पाच गाड्यांना शंभर, म्हणजे चार दिवसांहून जास्त. मुक्काम दोन रात्रींचा! बॅटरी वाढली म्हणून रांग संपली नाही, ती महामार्गावरून अंगणात गेली. आणि जड गाडी किलोमीटरमागे थोडी जास्तच वीज खाते. मोठी बॅटरी घेऊ नये असं मी म्हणत नाही. एकट्या प्रवाशाला तिचा फायदा निर्विवाद आहे. ती एकट्याचंच दुखणं बरं करते, एवढंच.

मग गटाने दोन तुकड्यांत निघावं, तासाभराच्या अंतराने, एकीने महाडच्या आसपास थांबावं, दुसरीने चिपळूणला. यावर कोणी म्हणेल, एकत्र जाण्याची मजाच गेली. गेलीच, थोडी, पण चार्जरपाशी पाच गाड्यांची खोळंबलेली माणसं म्हणजेही मजा नव्हे. तरी शहाणपणाची वेळापत्रकं पाच गाड्यांना जमतात, गणेशोत्सवाला नाही. चतुर्थीच्या आदल्या दोन-तीन दिवसांत कोकणाकडे जाणारी वाहनं म्हणजे एक अवाढव्य सहलच असते, आणि तिला कोणी सांगू शकत नाही की अर्ध्यांनी उद्या निघा. २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांमुळे ‘महामार्गावर दर २५ किलोमीटरला चार्जिंग’ हे वाक्य सगळ्यांच्या तोंडी बसलं आणि राज्याच्या २०२५ च्या धोरणाने अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी यांवर ईव्हींना टोल माफ केला. टोलमाफीने गाड्या वाढतील. दर २५ किलोमीटरला एक जागा असली तरी त्या जागेवर एकाच वेळी किती गाड्या भरतात, हे त्या वाक्यातून कळत नाही. होमस्टेवाल्याने चार सॉकेटं लावली, तर बारा किलोवॉटचा वाढीव भार आणि बहुधा थ्री-फेज जोडणी लागेल. त्यासाठीचा खर्च वर्षातल्या मोजक्या गर्दीच्या दिवसांसाठी त्याने एकट्याने का सोसावा, याचं उत्तर पर्यटन खात्याने द्यायचं की महावितरणने, हेच अजून ठरायचं आहे.